गजऱ्याच्या दोऱ्यावरचे ११२ टाके

दादरच्या पुलाखालच्या फूलवाल्या मावशींना,

सप्रेम नमस्कार.

मावशी, हे पत्र नातीकडून वाचून घ्या. ती आठवीत आहे आणि तुमच्या मोबाइलवरचं सगळं तीच वाचून दाखवते, हे तुम्हीच मला सांगितलंत. समोर उभी राहून मी आभार मानायला लागले की तुम्ही ‘पुरे हो ताई’ म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाला शेवंती मोजून द्यायला लागता. दोन महिने झाले, माझं बोलणं दर वेळी अर्ध्यावर राहतं. आज पूर्ण बोलणार आहे, आणि चारचौघांत बोलणार आहे.

मी पुलाशी विसरलेली आणि तुम्ही जपून ठेवलेली ती हिरवी पिशवी, तिच्यात काय होतं, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. तुम्हाला दिसला तो एक अर्धवट स्वेटर. तो कुणासाठी आहे आणि किती दिवसांचा आहे, ते आधी सांगते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. थंडीच्या बातम्यांत राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून ज्या गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं, ते निफाड. आमची द्राक्षाची बाग आहे. पारा फार खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते, तयार व्हायला आलेले मणी तडकतात. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकने पाणी सोडायचं आणि ऊन वर येईपर्यंत जागं राहायचं. माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. भाऊ नको म्हणतो तरी पहाटे चारला उठून बागेत जातात. अंगात असतो आईने १९८७ साली विणलेला तपकिरी स्वेटर. त्याची कोपरं तीनदा रफू झालीत, गळा ढिला पडून छाती उघडी राहते. आईच्या हाताला आता संधिवात आहे, सुई धरवत नाही. तेव्हा नवा स्वेटर मी विणायचा, असं २०२२ च्या दिवाळीत ठरवलं. रंग बाबांनी निवडला, बाटलीच्या काचेसारखा हिरवा. नऊ नंबरच्या सुया, पाठीला १२८ टाके.

मावशी, तुम्ही बोटाने गजरा गुंफता तेव्हा वितीची लांबी डोळ्यांदेखत वाढते. विणकामात तसं होत नाही. माझ्या हाताला इंचाला आठ ओळी बसतात. नुसत्या पाठीच्या मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडतात तिथवर, सोळा इंच विणायचं म्हणजे १२८ ओळी. १२८ टाक्यांच्या १२८ ओळी, म्हणजे १६,३८४ टाके, आणि ती फक्त मुंढ्यापर्यंतची पाठ. नंतर मुंढे, पुढचा भाग, दोन बाह्या, गळा. आणि वेळ कुठला? मी डोंबिवलीहून सुटणारी स्लो लोकल पकडते. फास्टपेक्षा वेळ जास्त लागतो, पण बसायला मिळतं. दिवा स्टेशनपर्यंत जरा ऐसपैस बसता येतं, ठाण्यानंतर कोपर अंगाला चिकटवून विणावं लागतं. चार ओळी झाल्या तर तो चांगला दिवस. संध्याकाळी जागा मिळतच नाही. घरी गेल्यावर पोळ्या, सासूबाईंची औषधं, मुलाचा अभ्यास. एप्रिल-मे महिन्यांत तर पिशवी कपाटावर ठेवून देते, कारण घामेजल्या हाताला लोकर चिकटते, सुईवर सरकत नाही. असा हा स्वेटर. डब्यातल्या बायका त्याला ‘बाबांचा हिरवा’ म्हणूनच ओळखतात. ‘बाबांचा हिरवा कुठवर आला गं?’ असं रोज कुणीतरी विचारतंच.

पहिलं वर्ष तर फुकट गेलं, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्या दुकानातून लोकर घेतली, त्याचं नाव मी घेणार नाही. लोकरीच्या गुंड्यावर कागदी पट्टी असते, तिच्यावर रंगाचा नंबर असतो आणि लॉटचा नंबर असतो. रंग तोच असला तरी रंगवण्याची प्रत्येक खेप किंचित वेगळी उतरते, म्हणून एका स्वेटरची सगळी लोकर एकाच लॉटची घ्यायची असते. मी तशीच मागितली होती. त्यांनी वरचे गुंडे एका लॉटचे दिले आणि खाली दुसऱ्या लॉटचे सरकवले. मीही विश्वासाने पट्ट्या तपासल्या नाहीत. डब्यातल्या उजेडात काही कळलं नाही. रविवारी गॅलरीत उन्हात धरलं, तर पाठीवर मधोमध आडवी रेघ, खाली गडद, वर फिकट. ६१ ओळी झाल्या होत्या. दुकानात घेऊन गेले तर म्हणाले, ‘धुतल्यावर एकसारखं होतं मॅडम, सगळे असंच नेतात.’ धुऊन पाहिलं, नाही झालं. पुन्हा गेले तर म्हणाले, ‘वडिलांनाच घालायचाय ना? म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय?’ मी त्या रात्री ६१ ओळी उसवल्या. नवी लोकर दुसरीकडून, पट्टी न् पट्टी वाचून आणली आणि पहिल्या टाक्यापासून सुरुवात केली. बाबांना काय कळतं ते सांगते. द्राक्षाच्या घडावर कुठला मणी कालचा आणि कुठला आजचा, ते बाबा चालता चालता सांगतात.

आता त्या मंगळवारचं. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पाठ पूर्ण झाली होती, पुढच्या भागाच्या मुंढ्यांसाठी टाके घटवून सुईवर ११२ टाके राहिले होते. ऑफिसातून निघून मी दादरच्या पुलाच्या जिन्याशी आले आणि भावाचा फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गर्दीतून बाजूला झाले, पिशवी खाली ठेवली, फोन घेतला. ‘बाबांना धाप लागलीय, नाशिकला दवाखान्यात नेतोय,’ एवढंच तो म्हणाला. पुढचं मला नीट आठवत नाही. कल्याणला नाशिकच्या गाडीची वाट बघत उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, खांद्यावर पर्स आहे, हातात पिशवी नाही. सुयांच्या टोकांना रबर लावायची माझी सवय, त्या दिवशी तेही लावलेलं नव्हतं.

नाशिकचे दिवस मी इथे सांगत बसत नाही. छातीत कफ साठला होता, ऑक्सिजन लावावा लागला, सातव्या दिवशी बाबा घरी आले. दवाखान्यात रात्री त्यांच्या पायाशी बसले की हात आपोआप मांडीवर सुया शोधायचे. बाबांनी विचारलं, ‘आज विणत नाहीस?’ मी खोटं बोलले, घाईत घरी राहिलं म्हणाले.

परत आले त्या दिवशी सकाळी आधी शोधाला लागले. हरवलेल्या वस्तूंची नोंद घेणं हेच ज्यांचं काम, त्या एका गृहस्थांसमोर उभी राहिले. त्यांनी विचारलं, पिशवीत काय होतं? मी म्हटलं, लोकर आणि अर्धा विणलेला स्वेटर. त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘मॅडम, लोक इथे लॅपटॉप, दागिने शोधायला येतात. तुम्ही लोकर शोधताय?’ शेजारचा हसला. नोंद झालीच नाही. दुसऱ्या एका ठिकाणच्या बाईंनी मान वर न करता ‘आठ दिवसांनी काय राहतंय’ म्हणून सांगितलं. ऑफिसात एकीने समजूत घालायची म्हणून म्हटलं, अगं, पाचशे-सातशेत रेडीमेड मिळतो, घेऊन टाक. ती वाईट नाही, तिला माझं बरंच करायचं होतं. पण मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाबा तिकडे अंगावर गोधडी घेऊन झोपलेत आणि सवा वर्ष विणलेलं जिन्यावर कुणाच्या पायाखाली उसवलं असेल, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

त्या संध्याकाळी तुम्ही हाक मारलीत. ‘ओ ताई! हिरवा स्वेटर तुमचाच ना?’

मावशी, मी नऊ वर्षं त्या जिन्याने चढते-उतरते. तुमच्याकडून कधी एक वेणी घेतली नाही. तुमच्या तोंडाकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं, हे मला आज कबूल करू द्या. आणि तुम्ही? ‘तुमच्या पिशवीतून सुया डोकावतात ना, मी रोज बघते,’ म्हणालात. पिशवी कुणाची हे तुम्हाला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. मी पळाले तेव्हा तुम्ही मागून हाकाही मारल्या होत्या. मला एकही ऐकू आली नाही.

पुढचे आठ दिवस तुम्ही ती पिशवी रोज रात्री विरारला घरी नेलीत आणि रोज पहाटेच्या गाडीने फुलांच्या पाट्यांबरोबर परत आणलीत. ‘तुम्ही आलात आणि माझ्यापाशी नसली तर?’ असं तुम्ही म्हणालात. फुलांवर तुम्ही दिवसभर पाणी शिंपडता, म्हणून पिशवी पाटीखाली न ठेवता स्वतःच्या डब्याच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवली होतीत. कुणाच्या तरी पायाखाली येऊन वाकलेली एक सुईसुद्धा सरळ करून आत ठेवली होतीत. एवढ्यावरच मी जन्मभर उपकार मानले असते.

पण मी पिशवी उघडली आणि जे पाहिलं, ते ज्याने हातात सुया धरल्या आहेत त्यालाच पुरतं कळेल. म्हणून ज्यांनी कधी विणलं नाही त्यांच्यासाठी सांगते. स्वेटरमध्ये प्रत्येक टाका हा एक फासा असतो, आणि त्याला धरून ठेवतो तो त्याच्या वरचा फासा. सगळ्यात वरच्या ओळीला वरून धरणारं कुणी नसतं. तिला फक्त सुई धरते. सुई निघाली की ती सगळी ओळ उघडी पडते. लोकर कुठेतरी ओढली गेली की एक टाका सुटतो, त्याच्या खालचा सुटतो, त्याच्या खालचा, आणि कापडात वरून खाली शिडी पडत जाते. माझी सुई निघाली होती. ११२ टाके उघडे होते.

आणि त्या ११२ टाक्यांतून गजऱ्याचा पांढरा दोरा ओवलेला होता.

डावीकडून उजवीकडे, एक न एक टाका. मी तिथेच जिन्याच्या कडेला बसून मोजले. ११२ भरले. दोन्ही टोकांना, शेवटचा टाका निसटू नये म्हणून, तुम्ही हाराला मारता तशी गाठ. ‘सेफ्टी पिनेला दोरा बांधला आणि परकराची नाडी घालतो तशी ओवत गेले, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा,’ एवढंच तुम्ही सांगितलंत. मध्यावर एक टाका मात्र आधीच सुटून सहा ओळी खाली गेला होता. तो तुम्ही ओढला नाहीत, वर आणायचा प्रयत्न केला नाहीत, गाठ मारली नाहीत. जिथे सापडला तिथेच त्या फाशातून एक सेफ्टी पिन घालून बंद केलीत. पिन तुमच्या बांगडीतली. तुमच्या डाव्या हाताच्या बांगडीला नेहमी दोन पिना अडकवलेल्या असतात, त्या दिवशी एकच होती.

मी विचारलं, मावशी, तुम्हाला विणता येतं? तुम्ही म्हणालात, ‘नाही हो. पण फूल दोऱ्यात घेतलं नाही तर खाली पडतं, एवढं कळतं ना.’

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा तो भाग, दोऱ्यासकट, मुद्दाम तसाच आईला दाखवायला नेला. बोटं वाकडी झाली आहेत, पण तिने दोऱ्यावरून अंगठा फिरवत फिरवत एकेक टाका तपासला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘एकही टाका पिळलेला नाही गं.’ उघडे टाके दोऱ्यावर घेताना फासा उलटा फिरतो, विणणाऱ्या बायकांचाही फिरतो, माझा तर हमखास फिरतो. तुमच्या हातून ११२ पैकी एकही फिरला नाही. आईने आयुष्यात किती स्वेटर विणले त्याची मोजदाद नाही, आणि ती कुणाचं पटकन कौतुक करत नाही. तिने तुमचं गाव विचारलं, मुलंबाळं विचारली. उशाशी ठेवलेली मनुक्यांची पुडी काढून म्हणाली, ‘त्या बाईंना दे.’ ती मी तुम्हाला दिली तेव्हा हे सगळं सांगायचं होतं. तेवढ्यात लग्नाच्या हारांचं गिऱ्हाईक आलं.

त्या संध्याकाळी मी तुमच्या हातात पैसे ठेवू पाहिले, ते तुम्ही घेतले नाहीत. मग मी अबोलीची वेणी मागितली आणि पन्नासची नोट दिली. तुम्ही वेणीचे वीस घेतलेत आणि तीस रुपये माझ्या मुठीत परत कोंबलेत. मला त्या तीस रुपयांचं फार वाटतं, मावशी. दिवसभर उन्हात बसून एकेक वेणी विकणाऱ्या बाईला तीस रुपये म्हणजे काय, हे मला कळतं. तुम्ही केलेल्या कामाची किंमत तुम्ही लावली नाहीत, आणि विकलेल्या फुलांची किंमत एक रुपयाही जास्त घेतली नाहीत.

तेव्हापासून मला अशी माणसं दिसायला लागली आहेत. शेजारीण घरी नसताना पाऊस आला तर तिच्या वाळवणावर चादर टाकणारी बाई. रात्री उशिरा मुलगी फाटकातून आत जाईपर्यंत रिक्षाचा दिवा तिच्या वाटेवर धरून थांबणारा रिक्षावाला. डब्यात ताप आलेल्या परक्या पोराच्या कपाळावर स्वतःची पाण्याची बाटली उलटी करून रुमाल भिजवणारी कॉलेजची मुलगी. यांना कुणी हे काम नेमून दिलेलं नसतं. ज्यांना नेमलेलं असतं, ज्यांना त्याचा पगार मिळतो, ते पेन खाली ठेवून हसतात. मला त्या गृहस्थांशी भांडायचं नाही. पण त्यांनी एक दिवस तुमच्या पाटीशेजारी बसावं आणि समोरून जाणाऱ्या माणसाकडे तुम्ही कसं बघता ते बघावं, असं मनापासून वाटतं.

आता स्वेटरचं सांगते, तुम्ही दर शुक्रवारी विचारताच. तो खाली गेलेला टाका क्रोशाच्या सुईने सहा ओळी वर चढवून घेतला. कुठला ते आता मलाही शोधावं लागतं. दोऱ्यावरचे टाके एकेक करून सुईवर घेतले, दोरा काढून आईच्या नमुन्यांच्या वहीत ठेवला, जिथे तिने स्वेटरची मापं लिहिली आहेत त्या पानात. पुढचा भाग झाला. खांदे जोडले. दोन्ही बाह्या सारख्या याव्यात म्हणून एकाच सुईवर दोन गुंड्यांनी बरोबर विणते आहे, त्यामुळे वेग आणखी कमी झाला आहे. आज चाळिसावी ओळ झाली. बागेत सध्या द्राक्षाची काढणी चालू आहे, थंडी ओसरली, म्हणजे यंदाच्या हिवाळ्यात तो बाबांच्या अंगावर चढला नाही. डॉक्टरांनी पहाटे बागेत जायला मनाई केली आहे. बाबा म्हणतात, ‘स्वेटर होऊ दे, मग बघू.’ भाऊ मला फोन करून सांगतो, ताई, सावकाश विण.

तुमची पिन अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या भागाची सुलट बाजू ओळखायला ती मी खूण म्हणून टोचून ठेवली होती, आता बाहीवर आली आहे, जिथून टाके वाढवायचे त्या ओळीत. गळ्याचे टाके उचलून, विणून शेवटचा टाका बंद होईपर्यंत तिचं काम आहे. तोवर तुमच्या बांगडीत एकच पिन राहणार. नवीन आणून दिली असती, पण शुक्रवारी विचारलं तर तुम्ही म्हणालात, ‘नवी नको, तीच द्या, सावकाश द्या.’

तीच देईन.

तुमची,
हिरव्या पिशवीवाली ताई
डोंबिवली